डोंगराचा पहिला घोट

काहाबोन नदीवरचा झुलता पूल एका वेळी एकाच माणसाचा. अलीकडून कोणी पाऊल टाकलं की पलीकडचा गुपचूप थांबतो, हे दोन्ही काठांवरच्या पोरासोरांनाही ठाऊक. पण त्या सकाळी भुरभुर पाऊस होता, धुकं नदीवर उतरलं होतं, आणि डोक्यावर कोकोच्या बियांची पाटी घेतलेली ओदिलिया तिउल पुलाच्या बरोबर मध्यावर पोचली तेव्हा समोरून एक तरुण येऊन उभा राहिला. पायांत शहरी बूट, पाठीला पिशवी, केसांतून पाणी ओघळतंय... आणि चेहऱ्यावर असं हसू, जसा काही पूल याच्या वडिलांनीच बांधलाय!

"तुम्ही मागे व्हा," ओदिलिया म्हणाली.

"मी का? मी अर्ध्याच्या पुढे आलोय."

"मीसुद्धा."

"मग भांडू या?"

"पेरणी तीन दिवसांवर आलीय. या दिवसांत भांडायचं नसतं. शहरात जाऊन विसरलात वाटतं?"

तो थोडा वरमला. पण थोडाच. "भांडायचं नाही, तर मग तुम्हीच मागे व्हा की प्रेमानं."

"डोक्यावर काय आहे ते दिसतंय ना? हा डोंगराचा कोको आहे. झाडाखालून एकदा निघाला की मागे फिरत नाही. माणसं फिरतात."

त्यानं पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिच्याकडे जरा जास्तच वेळ. आणि दोन्ही दोर धरून तो चक्क उलट्या पावली मागे चालू लागला.

"अहो, वळून चाला. पडाल नदीत."

"वळलो तर तुम्ही दिसायच्या नाहीत."

ओदिलियाला पाटी दोन्ही हातांनी धरावी लागली. पूल हलत होता म्हणून नव्हे — हसू आवरत नव्हतं म्हणून.

त्याचं नाव लिसांद्रो शोल. नदीपलीकडच्याच गावचा, बसमधून उतरून घरी निघालेला. सहा वर्षांपूर्वी मोठ्या तळ्याकाठी एका पाहुणेघरात कामाला गेला होता, आणि आता तिथल्या पाहुण्यांसाठी कोकोचं एक पोतं न्यायला आला होता. पोतं द्यायचं कबूल केलं होतं ओदिलियाच्या वडिलांनी. म्हणजे उलटं चालत ओदिलियाच्या काठावर पोचला, आणि तिथेच त्याचं काम होतं. नशीब काही काही वेळा फार सरळ वागतं.

पोतं त्याच दिवशी बांधून झालं. तरी दुसऱ्या दिवशी लिसांद्रो परत आला. म्हणाला, "गाठ सैल आहे का बघायला आलोय."

ओदिलिया चुलीपुढे बसून खापरीवर बिया भाजत होती. टरफलं तडतडत होती, घरभर खरपूस वास सुटला होता. तिनं मानही वर केली नाही. पण पाटावरची सुपली बाजूला सरकवून जागा मात्र केली.

"बघून झाली गाठ?"

"घट्ट आहे."

"मग बसा. हात आहेत ना? टरफलं काढा."

या वर्षी तिचं डोकं ठिकाणावर असणं फार गरजेचं होतं. पेरणीच्या सकाळी गावाचा देव असलेल्या डोंगराला जो कोको मातीत ओतून वाहायचा, तो तीस वर्षं मातिल्दे मावशी वाटत आली होती. यंदा मावशीची बोटं सुजली आणि तिनं भाचीचं नाव पुढे केलं. गावात कुरबुर झाली. पोरगी बावीस वर्षांची, तोंडानं फटकळ, तिला काय जमणार? कोको चुकला तर पेरणी अडते, आणि पेरणी अडली तर सबंध गावाचा मका मागे पडतो. ओदिलियानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "जमेल." आता ते जमवून दाखवायचं होतं.

"तुमच्या तळ्याकाठी काय करतात हो कोकोचं?" तिनं विचारलं.

"लोक गोल करून बसतात. लांबलांबच्या देशांतले. मेणबत्त्या लावतात, ढोल वाजवतात, डोळे मिटतात... मग मी कोको वाढतो. प्यायल्यावर काही जण रडतात."

"का? साखर नसते म्हणून?"

लिसांद्रो मोठ्यानं हसला. "मन मोकळं होतं म्हणतात."

"ते खोटं नाही. कोको मन उघडतोच. म्हणून तर तो जपून प्यायचा. पण पहिला घोट कुणाला देता?"

"पुढे बसला असेल त्याला."

"आणि जमिनीला?"

"जमीन..." तो अडखळला. "तिथे फरशी आहे."

ओदिलियाचा बी सोलणारा हात थांबला. "फरशी आहे! आणि दाराबाहेर काय आहे? तिथे माती नाही? ज्या मातीतून ते झाड आलं तिला विचारायचं नाही, आणि डोळे मिटून बसायचं!"

ती रागावली नव्हती, नुसतं विचारत होती. म्हणूनच त्याला ते लागलं. सहा वर्षांत शेकडो माणसांनी त्याच्या हातचा कोको प्यायला होता आणि हा प्रश्न एकानंही विचारला नव्हता. त्या दिवशी मग त्यानं थट्टा सोडून मान खाली घालून सुपलीभर टरफलं काढली. गप्प असताना तो बरा दिसतो, असं ओदिलियाला वाटून गेलं. मग तिनं उगाचच चुलीत एक लाकूड जास्त सारलं.

पेरणीच्या आदल्या दिवशी सकाळीच तिनं वाटायला घेतलं. पाट्याखाली निखारे ठेवले, वरवंटा फिरू लागला. बियांना तेल सुटलं, वेलदोडा आणि काळी मिरी पडली, मक्याचं पीठ पडलं. साखर अर्थातच नाही. लिसांद्रो पाणी आणून देत होता, मध्येच एखादी थट्टा करत होता, आणि ती मान खाली घालून "हं" म्हणत होती. दुपारपर्यंत घट्ट, काळसर कोकोनं मडकं भरलं. ओदिलिया राळेचा धूप आणायला मागच्या खोपीत गेली.

परत आली तेव्हा लिसांद्रोच्या ओठाच्या कडेला तपकिरी ठिपका होता. हातात पळी.

"तू... प्यायलास?"

"नुसता जिभेला लावला. मिरी पुरेशी आहे का ते—" तो बोलता बोलता थांबला. तिचा चेहरा बघून त्यानं घाईनं ओठ पुसला.

तळ्याकाठी वाढण्याआधी तो रोज चव बघायचा. सहा वर्षांची सवय, हात आपोआप गेला. पण डोंगराचा कोको करणारीही चाखत नाही. पहिला घोट मातीचा. त्याआधी जिभेला लागला की सगळं मडकं उष्टं.

"ओदिलिया, कुणी पाहिलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "ढवळून टाकू. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय! डोंगराला उष्टं पाजू? आणि उद्या सगळ्या गावापुढे ताठ मानेनं उभी राहू?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही तिला संताप आला. "तुझ्या पाहुण्यांना पाज जा ते. तीस वर्षं राखलेली जागा होती रे ती... मावशीची. एका चाटण्यात घालवलीस."

लिसांद्रोनं पळी खाली ठेवली आणि तो दारातून बाहेर पळाला.

पळाला! ओदिलिया रिकाम्या दाराकडे बघत राहिली. बरं झालं, तिनं मनाला बजावलं, आत्ताच कळलं. तिनं तोंड धुतलं, केस नीट केले, आणि पेरणीची पूजा सांगणाऱ्या क्रिसांतो आजोबांकडे स्वतःच कबुली द्यायला निघाली. आजोबांच्या अंगणात पोचते, तर लिसांद्रो त्यांच्यापुढे उभा. बूट चिखलानं भरलेले, श्वास लागलेला.

"...तिचा यात काही दोष नाही. ती धूप आणायला गेली होती. मी चाखला. काय सजा असेल ती मला द्या."

क्रिसांतो आजोबांनी दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. "सजा कसली? माणूस चुकला तर डोंगर थांबतो थोडा. पण उद्या सकाळपर्यंतच थांबेल. दुसरा कोको आहे का?"

"माझ्याकडच्या बिया संपल्या," ओदिलिया म्हणाली.

"माझं पोतं आहे," लिसांद्रो म्हणाला. "अख्खं."

"ते तुझ्या पाहुण्यांचं ना?"

"होतं."

आजोबांनी मान डोलावली. "मग जिनं नेम मोडला नाही आणि ज्यानं मोडला, दोघांनी मिळून वाटा. मातिल्देला जाऊन सांगा. आणि पोरी, रागानं वाटू नकोस हं."

मातिल्दे मावशीला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. आपली सुजलेली बोटं मांडीवर ठेवून ती पाट्यापाशी येऊन बसली. नव्या बिया भाजून, सोलून तयार होत्या. लिसांद्रोनं बाह्या वर केल्या. पुरुषमाणूस पाट्यावर बसणार, ही बातमी कुंपणापलीकडे पोचलीसुद्धा होती, कारण तिथून खुसखुस ऐकू येत होती.

"थांबा," मावशी म्हणाली. "हात लावायच्या आधी एकमेकांबद्दल मनात असेल ते बोलून टाका. मनात ठेवलेलं सगळं वाटणात उतरतं. डोंगराला तुमची कटकट नको आहे. तू बोल रे आधी."

लिसांद्रोनं घसा साफ केला. "माझं चुकलं. आणि चूक झाल्यावर झाकायला बघितलं, ते जास्त चुकलं." तो थांबला. मावशीनं 'आणखी?' अशी भुवई उचलली. "आणि... पोतं पहिल्याच दिवशी मिळालं होतं. गाठ वगैरे काही बघायची नव्हती. आई विचारते, रोज दोनदा नदी का ओलांडतोस? मी म्हणतो, कोकोसाठी. ते खोटं आहे."

कुंपणापलीकडची खुसखुस एकदम बंद झाली.

"हं," मावशी म्हणाली. "आता तू."

"मला राग आलाय," ओदिलिया म्हणाली.

"किती?" दुखण्याची चौकशी करावी तसं मावशीनं विचारलं.

"भरपूर."

"त्यानं चाखलं म्हणून?"

ओदिलिया पाट्याकडे बघत राहिली. हो म्हणणं सोपं होतं. पण आत धुंडाळलं तर तो राग तिथे नव्हताच. "तो होता," ती म्हणाली. "पण हा आपल्या पायांनी आजोबांकडे गेला ना, तेव्हाच गेला तो."

"मग आता कसला उरलाय?"

भुरभुर पाऊस छपरावरच्या पानांतून झिरपत होता. ओदिलियानं मान वर केली आणि सरळ लिसांद्रोकडे बघितलं. जिला सबंध गावापुढे "जमेल" म्हणता येतं, तिला हे का म्हणता येऊ नये?

"परवाच्या बसनं हा जाणार — त्याचा."

लिसांद्रोचे कान लाल झाले होते. तळ्याकाठी शेकडो लोकांना मन मोकळं करताना बघणारा हा पठ्ठ्या, स्वतःची पाळी आल्यावर वरवंट्याचं टोक चाचपत बसला होता.

"हा राग चालतो," मातिल्दे मावशी म्हणाली. "घ्या वाटायला."

वाटता वाटता त्याच्या हाताला फोड आले. ओदिलियानं त्याला वरवंटा कमरेतून कसा रेटायचा ते शिकवलं. शिकवताना हात हातावर ठेवावा लागला आणि नंतर तो लगेच उचलायचं दोघांनाही सुचलं नाही. मावशी मात्र त्या वेळी छपराकडे बघत होती. अंधार पडायच्या आत मडकं भरलं. या वेळी पळीला कुणीही हात लावला नाही.

सकाळी शेताच्या बांधावर सगळं गाव जमलं. क्रिसांतो आजोबांनी मेणबत्त्या लावल्या, राळ पेटवली, आणि काल काय झालं ते लपवाछपवी न करता सगळ्यांना सांगितलं. माणसांत चुळबूळ झाली. ओदिलियानं नजर खाली घातली नाही. तिनं तुंब्याची वाटी भरून आजोबांच्या हातात दिली आणि आजोबांनी ती खणलेल्या खड्ड्यात हळूहळू ओतली. काळसर धार मातीवर पडली, क्षणभर तिथे चमकली... आणि फेसही मागे न ठेवता आत मुरली.

"घेतला!" आजोबा म्हणाले.

"घेतला, घेतला," बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, आणि वाट्या पुढे सरकू लागल्या. पेरणीच्या काठ्या खांद्यावर टाकून पुरुष ओळीनं शेतात उतरले. त्यांच्यात लिसांद्रोही होता, अनवाणी.

दुपारी टर्कीच्या लाल रश्श्यावर सगळे तुटून पडले. जेवण उरकल्यावर लिसांद्रो ओदिलियाजवळ आला. ती घमेल्यात वाट्या धूत होती.

"उद्या जाऊन यावं लागेल," तो म्हणाला. "पाहुणेघराच्या मालकिणीला सांगायला हवं की पोतं आलं नाही. आणि मीही येणार नाही. तिचं बाकीचं काम दुसऱ्या कुणाला समजावून द्यायला आठ दिवस लागतील. तिला हेही सांगणार आहे, की दाराबाहेर माती आहे."

"सांग. ऐकेल ती."

"मग परत आल्यावर..." तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. "आल्यावर मी... म्हणजे आईला घेऊन तुमच्याकडे..."

"आण ना. पण आधीच सांगून ठेव तिला. पहिल्या खेपेला बाबा घरात असूनही 'घरी नाहीत' असा निरोप देतील. दुसऱ्या खेपेला म्हणतील, पोरगी अजून लहान आहे. मागणीची रीतच आहे तशी, मनाला लावून घ्यायचं नाही."

"आणि तिसऱ्या खेपेला?"

"तेव्हा मला बोलावून विचारतील."

"मग तू काय—"

ओदिलियानं हातातली वाटी निथळून पालथी घातली, ओले हात घागऱ्याला पुसले आणि उभी राहिली.

"हो म्हणणार आहे," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या दोन खेपांना तुला रडका चेहरा करून बसायला नको."