गुडघ्याचा उपास

"सूज उतरवणारे औषध गुडघ्यात पोहोचले आहे," आत्याच्या गुडघ्यावर आजोबांनी बांधलेला बोलका पट्टा गोड आवाजात म्हणाला, आणि पाय चेपणारी शाल्मली दचकली.

आज निर्जळी एकादशी. गुडघा भोपळ्यासारखा सुजला असूनही आत्याने सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. गोळ्यांचं पाकीट तसंच बंद होतं. मग औषध शिरलं कुठून?

"देवा रे!" आत्याने कपाळावर हात मारला. "एकवीस वर्षांचं व्रत माझं. मोडलं की काय?"

शाल्मली रडवेली झाली. "आत्या, मीच... पाय चेपताना आजोबांच्या टेबलावरचं मलम लावलं. मला वाटलं, नुसतं गार वाटेल. पण कातडीतून आत कसं जाईल? आंघोळ करताना आपण कुठे फुगतो?"

आजोबा घरातल्याच प्रयोगशाळेतून धावत आले. "न विचारता औषधाला हात? पुन्हा असं करायचं नाही!" मग ते जरा निवले. "तिच्यासाठीच बनवलंय म्हणा. उद्या पारणं झालं की देणार होतो. नीट ऐका. कातडीचा वरचा थर म्हणजे विटांची भिंत. विटांच्या फटींत चुन्याऐवजी स्निग्ध (तेलकट) पदार्थ भरलेला असतो. पाणी तिथेच अडतं. म्हणून आम्ही औषध पुटिकांमध्ये (डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्या पिशव्यांमध्ये) भरलं. त्यांचं आवरणही स्निग्धच, त्यामुळे भिंतीला त्या घरच्याच वाटतात. शिवाय लवचीक! गर्दीत अंग चोरून आपण वाट काढतो ना, तशा त्या फटींतून सरकतात आणि दुखऱ्या जागी औषध पोचवतात. वरचं जेल (दाट, चिकट लेप) त्यांना कातडीवर धरून ठेवतं."

"आणि पोट?" शाल्मलीने घाबरत विचारलं.

"पोटाला पत्ताच नाही!"

आत्याने डोळे मिटून क्षणभर हात जोडले. मग हळूच म्हणाली, "अप्पा, पिशव्यांचं ते स्निग्ध आवरण कसलं हो?"

"सोयाबीनचं."

"सोयाबीन? अगंबाई! ते उपासाला चालत नाही!"

आजोबांचा आ वासला. चाळीस वर्षांत प्रयोगशाळेत कुणी हे विचारलं नव्हतं.

आत्याने गुडघा वाकवून पाहिला. सकाळी लाकडासारखा ताठ होता, आता वाकला. ती गालात हसली. "असू दे. उपासाचा संकल्प मी केला होता, गुडघ्याने नाही. चल शलू, तुळशीला प्रदक्षिणा घालू."

दारातून ती मागे वळली. "अप्पा, पुढच्या एकादशीपर्यंत शेंगदाण्याच्या पिशव्या जमतात का, बघा."

आजोबा केव्हाच वही उघडून बसले होते.