गाळखोलीतलं बारसं

बारसं गाळखोलीतच करायचं असं हेमाताईनं ठरवलं होतं, आणि हेमाताईनं एकदा ठरवलं की ब्रह्मदेवाचा बापही ते मोडू शकत नसे. गाळखोली म्हणजे काचेची बंद खोली. बाहेरची हवा सात चाळण्यांतून गाळून आत येणार, परागाचा एक कण दिसेल तर शपथ! अकरा वर्षं ती फलटणच्या घरात अशी काचेआड राहत होती. बाहेर पडायचं तर तोंडावर मुखवटा.

त्याला कारणही तसंच होतं. पणजोबांच्या काळापेक्षा हवेतला कर्बवायू आता दुप्पट झाला होता. झाडांचं तर ते अन्नच, त्यांना रोजचीच मेजवानी! एके काळी कमरेएवढं असणारं गाजरगवत घराच्या पत्र्याला टेकलं होतं आणि बारा महिने फुलत होतं. पिवळा पराग अंगणात बोटबोट साचायचा. सगळं गाव शिंकायचं, पण हेमाताईचा घसाच सुजून बंद व्हायचा.

पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मुखवटा लावून कानात कुर्र करता येतं होय? म्हणून पाळणा आत आला, बायका आल्या, घुगऱ्या आल्या. बारा दिवस उघड्या खिडक्यांच्या बाहेरच्या घरात ठणठणीत असलेली पोर पहिल्यांदाच गाळखोलीत आली.

आणि पाच मिनिटांत लालबुंद झाली. अंगावर गांध्या उठल्या, छातीत घरघर वाजू लागली.

"अगं बाई! मुग्धा, माझ्या इतक्या स्वच्छ हवेत हिला झालं तरी काय?" हेमाताई किंचाळली.

मुग्धा, म्हणजे तिची भावजय, बाळाची आई. हवेतला कर्बवायू शोषून घेणारे मनोरे उभारणारी शास्त्रज्ञ. तिनं पोर उचलली आणि थेट अंगण गाठलं. घटकाभरात घरघर थांबली. नाकाच्या शेंड्यावर पराग घेऊन पोर सुखानं जांभई देऊ लागली.

काचेजवळ येऊन मुग्धा म्हणाली, "ताई, आपल्या शरीरात राखणदार असतात. तुमचे राखणदार परागाला चोर समजतात. हिनं मात्र पोटात असल्यापासून परागच पाहिलाय. पराग दिसला की हिचे राखणदार निवांत, नाही दिसला की बिथरतात नि घरच्यांवरच लाठी चालवतात."

"म्हणजे माझी हवा हिला बाधली?"

"हो."

"आणि नाव?"

"मी सांगते ना तुमच्या वतीनं."

"वा गं वा! आत्या जिवंत असताना?" हेमाताईचे डोळे भरून आले. मग तिनं पदर खोचला. "माझी ती औषधाची सुई हातात धरून उभी राहा. घसा धरला तर टोच."

आणि हेमाताई मुखवट्याशिवाय अंगणात आली! अकरा वर्षांनी तिच्या गालाला वारा लागला. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्यानं हसलीच. पोर मांडीवर घेऊन ती कानाशी वाकली.

"कुर्रर्र... मे... आक्छी! ...दिनी!"

"बोलता बोलता शिंक आली, म्हणजे सत्य!" बायका एका सुरात ओरडल्या आणि मेदिनीच्या आत्याच्या पाठीत दणादण धपाटे बसले. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. सुई टोचावी लागली, ती हेमाताईनं हसतहसतच टोचून घेतली.

मुग्धानं रिकामी सुई बाजूला ठेवली. ती हळूच म्हणाली, "ताई, माझे मनोरे वीस वर्षांत जुनी हवा परत आणतील. तुम्ही काचेबाहेर याल. मग काचेआड हिला बसावं लागेल का हो?"

"छे! काहीतरीच बोलतेस..." असं म्हणायला हेमाताईनं तोंड उघडलं, आणि तिला सणसणीत शिंक आली.

"सत्य! सत्य!" घुगऱ्या खाता खाता बायका आनंदानं ओरडल्या.