डाव्या गालातला डाग

नेरच्या कापूस बाजारात सत्यशीलेसमोर सकाळपासून कुणी तोंड उघडलं नव्हतं.

साल त्रेसष्ट, कापसाचे दिवस. मुंबईच्या प्रयोगशाळेत ती कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करायची. तंबाखू ज्या गालात धरतात, त्याच गालात रोग उगवतो का, हे पाहायला आठ दिवस इथे आली होती. हातात बॅटरी, मांडीवर वही... आणि समोर ओठ मिटून हसणारी माणसं.

"डॉक्टरीनबाई, माह्यं पाहा."

बळीराम. बोटांत कापूस ओढून धाग्याची लांबी सांगणारा. कानाशी कापसाचा एक पुंजका, तसाच अडकलेला.

"मी डॉक्टर नाही."

"मंग तं बरं. सुई नाही टोचणार."

त्यानं आ केला, तशी तुळसाबाई आली, देवसिंग आला... रांगच लागली. मग लोकांची भीड मोडायला रोज आधी तोच बसायचा.

"कोणत्या गालात ठेवता?"

"तुमी पाहाल त्या."

हसू दाबताना तिची अक्षरं वाकडी व्हायची.

शेवटच्या दिवशी वही चाळताना ध्यानात आलं — तपासलेल्यांच्या यादीत बळीरामचा नंबरच नाही. रोज आ करणाऱ्या माणसाचा गाल तिनं पाहिलाच नव्हता. नजर दर वेळी जरा वरच राहिली होती... डोळ्यांवर.

तिनं बॅटरी धरली. डाव्या गालात, नखाएवढा पांढरा डाग.

असे डाग तिनं कितीतरी पाहिले होते. तंबाखू सुटली तर बरेचसे विरतात, हे ती लोकांना शांतपणे सांगायची. आज मात्र तिनं तोच डाग पुन्हा पुन्हा पाहिला. ही भीती डागाची, की उद्याच्या गाडीची... तिला उमजेना.

"काहून एवढं पाहून राह्यल्या?"

"एक डाग आहे. तंबाखू सोडावी लागेल."

"सोडली तं?"

"जाईल. बहुतेक."

"अन् डाग गेल्यावर तुमी नेरले कायले याल?"

आठ दिवस जपलेली पुस्तकी भाषा सुटली. केळापूरच्या घरची वऱ्हाडी बोली ओठांवर आली —

"सोडा नं ते... मले भेव वाटून राह्यलं."

बळीराम हसायचा थांबला. खिशातली तंबाखूची चंची काढून त्यानं तिच्या वहीवर ठेवली. चुन्याची डबीही.

"तुमच्यापाशीच राहू द्या. मागितली तरी देऊ नका."

"मुंबईला येऊन मागाल?"

"आता तं यावंच लागन."

तिनं त्याचा नंबर घातला. 'पुन्हा तपासणी'च्या रकान्यात इतरांपुढे सहा-सहा महिने होते. पेन अडलं. मग तिनं लिहिलं — एक महिना.

बळीराम वाकून वाचत होता.

"बाकीच्यायले सहा, अन् मले एकच? एवढा वाईट हाये का डाग?"

"डागासाठी नाही ते," वही न मिटताच ती म्हणाली.