शून्यापासून मोजणारा

पहिल्याच भेटीत मी त्याच्यावर ओरडले होते. त्यानं ते मला कधी विसरू दिलं नाही, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

आमच्या इस्पितळात तळमजल्यावर मेंदूच्या आजारांच्या पेशंटांची चालण्याची तपासणी होते. लांबट खोली आणि मधोमध दहा मीटरची करडी पट्टी. पट्टीच्या पोटात सेन्सर. पेशंट तिच्यावरून जातो, वळतो, परत येतो. पाऊल केवढं पडलं, कुठे अडखळलं, सगळं संगणकात जातं. मी तिथली फिजिओथेरपिस्ट, मंगळवारची आणि गुरुवारची. त्या मंगळवारी मी पट्टी नुकतीच पुसून ठेवली होती आणि एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस ओल्या बुटांनी थेट तिच्यावरून चालत आला.

“अहो, बूट! पायपुसणं नाहीये ते!”

तो पट्टीच्या बरोबर मध्यावर थांबला. पुढे जावं की मागे, ते न कळून एका पायावर उभा राहिला. मी संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि माझा राग पळाला.

“डावा पाय जरा ओढता तुम्ही,” मी म्हटलं.

“लहानपणी सायकलवरून पडलो होतो... कळतं यात?”

“सगळं कळतं. माणूस घाबरला की पाऊल आखूड पडतं, तेही कळतं.”

“मग आता आखूडच पडणार माझं,” तो म्हणाला आणि हसला. मी उगाचच फडकं शोधायला लागले.

हाच तो वरच्या मजल्यावरचा, ज्याला आम्ही न बघताच ‘आकडेबुवा’ म्हणायचो. त्यानं संगणकाला हजारो जुन्या पेशंटांच्या नोंदी शिकवल्या होत्या. त्यावरून त्याचं मॉडेल नव्या पेशंटबद्दल अंदाज सांगायचं, की याला आणखी किती महिने आपल्या पायांनी चालता येईल.

“तीन आठवडे शोधतोय तुम्हाला,” तो म्हणाला.

“मला?”

“म्हणजे... मंगळवारला. आणि गुरुवारला.” त्याचे कान लाल झाले. “या दोन दिवसांच्या पेशंटांना माझं मॉडेल भरपूर महिने देतं. प्रत्यक्षात मात्र ते लोक कितीतरी आधीच चाकांच्या खुर्चीत बसतात. बाकीच्या दिवशी अंदाज जुळतो. का, तेच समजत नाहीये.”

“मी काहीही वेगळं करत नाही,” मी ठसक्यात म्हटलं.

“तेच बघायचंय. कोपऱ्यात बसू?”

तो दोन आठवडे कोपऱ्यात बसला. बूट दाराबाहेर काढून यायचा. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. मी पाहिलं, हे त्यानं पाहिलं आणि पाय खुर्चीखाली लपवला. पुढच्या वेळी कोरे करकरीत मोजे! पेशंट बदलताना आम्ही बोलायचो. मी त्याला बाबांबद्दल सांगितलं. पाच वर्षांपासून कंपवात, तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही, आणि घरात आम्ही दोघंच. बाबांना मॉडेलनं एकतीस महिने दिले होते. तो कागद माझ्या पर्समध्ये असायचा. खालच्या मजल्यावर घर बघू म्हटलं की बाबा म्हणायचे, “एकतीस महिने आहेत गं अजून. आत्तापासून जिन्याला काय घाबरायचं?” मी त्याला हे हसत सांगितलं. तोही हसला.

आणि मग एका गुरुवारी, एक आजीबाई चालून बाहेर गेल्यावर, तो खुर्चीतून उठला.

“तुम्ही आत्ता काय म्हणत होतात?”

“कुठे काय?”

“एक-दोन, एक-दोन... अगदी हळू. त्या चालायला लागल्यापासून थांबेपर्यंत.”

म्हणजे मी त्यांना ठेका देत होते. कंपवातात पाय जमिनीला चिकटल्यागत होतात. कानावर ठेका पडला की सुटतात. मी घरी बाबांना असंच चालवायची, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर. ती सवय तोंडात इतकी बसली होती की मलाच ऐकू येत नव्हती. भिंतीवर सूचना होती, ‘तपासणी चालू असताना बोलू नये.’ ती मीच चिकटवली होती. पट्टीला फक्त पाय कळायचे, माझा आवाज कुठेच नोंदला जात नव्हता.

“बाबांची तपासणी...” तो थांबला. “कोणी घेतली होती?”

मी पर्समधला कागद काढून खालच्या माझ्या सहीवर बोट ठेवलं. त्याला कळलं.

बाबांना पुन्हा चालवायचं ठरलं. या वेळी आत तो आणि काचेच्या बाहेर मी. बाबा पट्टीच्या टोकापर्यंत गेले, वळायला लागले आणि तिथेच अडकले. टाच नुसती थरथरत होती, पाऊल उचलेना. त्यांनी मान वर करून काचेतून माझ्याकडे बघितलं. माझं तोंड उघडलं... आणि मी दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. आयुष्यात इतकं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळाच्या जिन्यात भेटला. हातात घडी घातलेला कागद होता.

“चौदा,” तो म्हणाला.

मी पायरीवरच बसले. तो एक पायरी सोडून खाली बसला.

“चार वर्षं मी लोकांना खोटे महिने दिले,” मी म्हटलं. “त्या आजीबाईंनाही. बाबांनाही.”

“आपण सगळ्यांना पुन्हा बोलवू, खरं काय ते सांगू. मी सोबत बसेन. पण एक ऐका. तुमच्या आवाजावर ते खरंच तसे चालले होते. घरी गेल्यावर मोजायला कोणी नव्हतं, म्हणून महिने आटले. त्यांच्या घरच्यांना शिकवायला हवं.” मग जरा थांबून म्हणाला, “आधी मला शिकव.”

‘शिकव’ म्हणाला. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण कान पुन्हा लाल झाले.

“तुम्हाला कशाला?”

“तू घरी नसलीस तर... कोणीतरी लागेल ना मोजायला.”

मला हसूही आलं आणि रडूही. मग रडूच जिंकलं. “वेड लागलंय का तुम्हाला? चौदा महिन्यांनी त्या घरात काय होणार आहे, ते तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?”

“म्हणून तर! इतकं सगळं ठाऊक असून विचारणारा दुसरा मिळणार नाही तुला.”

मी डोळे पुसले आणि रविवारी घरी या म्हटलं.

रविवारी बाबा पलंगाशी उभे राहिले. त्यानं घसा साफ केला आणि परीक्षेला बसल्यासारखा सुरू झाला, “शून्य, एक, दोन, तीन...”

बाबांनी हात वर केला. “अहो आकडेबुवा, शून्याला कुठला पाय टाकू?”

“आमच्या कामात... संगणक शून्यापासूनच मोजतो,” तो पुटपुटला. त्या घरात कित्येक महिन्यांनी मी पोट धरून हसले.

बाबा मात्र विचारात पडले होते. पहिलं पाऊलच तर त्यांना सगळ्यांत जड जायचं. “थांबा. शून्याला नुसतं उभं राहू. श्वास घेऊ. एकला निघू. म्हणा पुन्हा.”

त्यानं पुन्हा मोजलं. बाबा दारापर्यंत गेले. तिथून वळून म्हणाले, “हा माणूस ठेवून घे.”

आम्ही तळमजल्यावरचं घर घेतलं. पेशंटांना एकेक करून बोलावलं. काही जण रागावले, आणि ते बरोबरच होतं. आजीबाईंच्या सुनेनं मात्र तिथल्या तिथे मोजायला शिकून घेतलं. मॉडेल या वेळी चुकलं नाही. पंधराव्या महिन्यात बाबांचं आपलं आपण चालणं थांबलं आणि घरात चाकांची खुर्ची आली.

पण त्याआधी, अकराव्या महिन्यात, आम्ही नोंदणी कार्यालयात लग्न केलं. दारापासून टेबलापर्यंत मोठी खोली होती. तो टेबलापाशी उभा होता. बाबांनी काठी बाहेरच ठेवली. म्हणाले, आज नको. मी त्यांच्या बाजूनं चालत होते. अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय चिकटले. टाच थरथरायला लागली. खुर्च्यांवरची माणसं वळून बघू लागली, कारकुनाचं पेन थांबलं. बाबांनी शरमून मान खाली घातली. मी मोजायला तोंड उघडलं, पण आकड्याऐवजी रडूच बाहेर आलं.

“शून्य,” तो टेबलापासून म्हणाला. मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत.

बाबांनी मान वर केली. श्वास घेतला. मीही घेतला.

“एक,” तो म्हणाला आणि आम्ही त्याच्याकडे निघालो.