थोरलीच्या शिंगावरचा हात

सकाळी सहाच्या सुमारास थोरलीपुढं रांग लागायची. थोरली म्हणजे कोल्हापुरातल्या भर चौकातली ब्राँझची म्हैस. मान किंचित वळवून उभी, मागून कुणी हाक मारल्यासारखी. अंगानं काळपट हिरवी, पण डावं शिंग तेवढं सोन्यासारखं लखलखीत, कारण पन्नास वर्षं येणारा-जाणारा त्यावरून हात फिरवत आला होता. परीक्षेला निघालेली पोरं, लग्न लागून आलेलं जोडपं, तालमीला निघालेले पैलवान, बदलीच्या गावी निघालेला कारकून. पाडव्याला खऱ्या म्हशींच्या आधी थोरलीची शिंगं रंगायची. नवस नाही, पूजा नाही. तिला हात लावला की दिवस सुरू झाला, एवढंच.

गेल्या वर्षापासून मात्र एक बदल झाला होता. पूर्वी लोक चालता चालता हात फिरवत. आता सहा श्वास होईपर्यंत हात तसाच ठेवत. शिंगावर कांद्याच्या सालीहून पातळ असा एक थर बसवला होता. लोक त्याला जाणता पापुद्रा म्हणत. हाताची ऊब, नाडी, पकडीचा जोर आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक थरथर तो टिपायचा. आतलं यंत्र त्यावरून फोनवर हातपत्र धाडायचं. हिरवं आलं तर खुशाल घरी जा, पिवळं आलं तर जपा, तांबडं आलं तर डॉक्टर गाठा. कितीतरी जणांचं हृदयाचं दुखणं थोरलीनं वेळेत सांगितलं होतं, त्यामुळं लोकांचा तिच्यावरचा जीव आणखीच वाढला होता.

बाळाक्का गवळीला मात्र त्या दिवशी लागोपाठ तिसऱ्यांदा तांबडं हातपत्र आलं.

बाळाक्का अडुसष्ट वर्षांची. चौकाच्या कडेला जो दूधकट्टा होता, तिथं ती एकेचाळीस वर्षं आपली म्हैस घेऊन येत होती; सध्याची हरणी. गिऱ्हाईक समोर उभं, धार समोर निघते, फेसाचा पेला तसाच हातात. यंत्रानं काढलेलं दूध घरोघर नळासारखं मिळत होतं, तरी लोक मुद्दाम कट्ट्यावर येत. आणि कट्ट्याच्या समितीनं नवा नियम केला होता : धार काढणाऱ्यानं आठवड्यातून एकदा थोरलीला हात लावायचा. तीनदा तांबडं आलं तर महिनाअखेरीस समितीला अहवाल जाणार आणि मग कट्ट्यावर बसायचं नाही.

ती डॉक्टरकडेही जाऊन आली होती. डॉक्टरनं हातपत्र दोनदा वाचलं, हात एकदाही धरला नाही. सून अमृता म्हणाली, आत्या, आता पुरे झालं, हरणीला यंत्र लावू. बाळाक्कानं दुधाची चरवी घासून पालथी घातली आणि चालत पुन्हा चौकात आली.

थोरलीच्या मागं एक छोटी काचेची खोली होती. पापुद्रा बनवणाऱ्या प्रयोगशाळेची माणसं आठवड्यातून एक दिवस तिथं बसत. त्या दिवशी शर्वरी मोकाशी होती. पापुद्र्याला माणसांचे हात ओळखायला शिकवलं ते हिनंच. तिनं आजी म्हणून खुर्ची दिली.

"आजी नको, आक्का म्हण," बाळाक्का म्हणाली. "मला सांग, कट्ट्यावर आणि कुणाकुणाला तांबडं आलंय?"

शर्वरीनं ते सांगता येत नाही म्हणून समजावलं. समिती सोडली तर हातपत्र ज्याचं त्यालाच कळतं, असा नियम होता. बाळाक्कानं मान डोलावली आणि बोटांवर नावं घेतली. मल्लाप्पा, त्याचा भाऊ, कोपऱ्यावरच्या दोघी जावा, स्वतःसकट असे अकरा जण. कट्ट्यावर होतेच अकरा. सगळ्यांना तांबडं. गेले पंधरा दिवस जो तो दुसऱ्यापासून फोन लपवत होता आणि चेहऱ्यावरून सगळ्यांना सगळं कळत होतं.

"एका कट्ट्यावर अकरा माणसं, अन् अकराही आजारी. हे तुला पटतंय?"

शर्वरीला ते पटत नव्हतं. तिनं प्रामाणिकपणे तसं सांगितलं. मग बाळाक्कानं विचारलं, की यंत्राला शिकवलं ते कुणाच्या हातांवर. अठरा हजार हात होते, शर्वरी म्हणाली. कॉलेजची मुलं, कचेरीतली माणसं, शिंपी, चालक, घरकाम करणाऱ्या बायका, निवृत्त मास्तर.

"धार काढणारा एक तरी?"

शर्वरीनं समोरच्या पडद्यावर यादी खालपर्यंत चाळली. तिथं एकही गवळी नव्हता.

"उद्या पाचला कट्ट्यावर ये," बाळाक्का उठली. "हात धुऊन ये. अन् धुतल्यावर कशाला शिवायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शर्वरी आली. मल्लाप्पानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळं दहा गवळी आपापल्या म्हशी सोडून तमाशा बघायला उभे होते. हात धुतल्यावर शर्वरीनं सवयीनं खिशातला फोन काढला, तर बाळाक्कानं तिला परत नळाखाली नेलं. धार काढायच्या आधी म्हशीशिवाय कशालाही हात लावायचा नाही, ही कट्ट्याची जुनी रीत. पोराचा गाल असो की देवाची मूर्ती, आधी म्हैस.

हरणीनं नवखा हात लगेच ओळखला. दोनदा बाजूला सरकली, एकदा शेपटीनं शर्वरीचा चष्मा उडवला. बाळाक्कानं कासेला पाणी लावलं, पाठीवर थाप मारली, तेव्हा कुठं तिनं पान्हा सोडला. म्हशीचं आचळ गाईसारखं मऊ नसतं. नुसत्या मुठीनं भागत नाही. अंगठा दुमडून त्याच्या पेरावर आचळ दाबावं लागतं. गवळ्याच्या अंगठ्याला तिथं घट्टा पडतो आणि अंगठा आयुष्यभर थोडा आत वळलेला राहतो. पशुवैद्य या पद्धतीला नावं ठेवतात, पण कट्ट्यावरचे सगळे हात तिच्यावरच घडलेले.

अर्ध्या तासात शर्वरीच्या चरवीत जेमतेम तळ झाकला गेला.

"चहापुरतं झालं की," मल्लाप्पा म्हणाला. "पण बिनदुधाचा प्यायची सवय पायजे."

शर्वरीलाही हसू आलं. बाळाक्कानं तिला तशीच, हात पुसायलाही न देता, थोरलीकडं नेलं. शर्वरीनं शिंगावर हात ठेवला. सहा श्वास झाले. खिशात फोन वाजला.

हातपत्र तांबडं होतं. सव्वीस वर्षांच्या, रोज पोहणाऱ्या पोरीचं.

शर्वरीनं ते तिथंच उभ्या उभ्या वाचून काढलं आणि गोष्ट तिच्या ध्यानात आली. थोरलीला हात लावायला बाकीचं शहर झोपेतून उठून येतं. गवळी तेवढे धार काढून येतात, कारण रीत तशी. म्हैस पिळून झालेला हात थरथरणारच, आणि दुमडलेल्या अंगठ्याची पकड इतरांसारखी लागणार नाहीच. थकव्याची थरथर आणि आजाराची थरथर यंत्राला एकच वाटत होती. चूक यंत्राची नव्हती, शिकवणारीची होती. तिनं तसं सगळ्यांपुढं कबूल केलं, तेव्हा मल्लाप्पाचा भाऊ म्हणाला, की मोठ्या शाळेत शिकलेलं माणूस चूक कबूल करतंय म्हणजे खरंच दुनिया बदलली.

आता एकच उपाय होता. सगळ्यांनी पंधरा दिवस धार काढायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा थोरलीला हात लावायचा. दोन्हींतला फरक बघून यंत्र शिकलं असतं. पण गवळी अडले. आधी म्हैस, मग बाकी सगळं. बापजाद्यांची रीत एका शिंगासाठी मोडायची कशी? मल्लाप्पानं हात मागं बांधले. शर्वरी हवालदिल झाली.

बाळाक्का शांतपणे म्हणाली, "मल्लाप्पा, थोरली कोण हाय?"

"कोण म्हंजे? म्हैसच की."

"मग रीत कुठं मोडली?"

मल्लाप्पानं थोरलीकडं बघितलं आणि हात पाठीमागून पुढं घेतले.

पंधरा दिवस पहाटे अकरा गवळी ओल्या हातांनी थोरलीपुढं उभे राहत आणि मग आपल्या म्हशींकडं जात. समितीनं तेवढे दिवस नियम थांबवून धरला. रांगेतले लोक गवळ्यांना वाट देऊ लागले. यंत्रानं गवळ्याचा हात शिकून घेतला : त्याचा अंगठा, त्याचा घट्टा, धारेआधीचं त्याचं स्थिरपण आणि धारेनंतरची त्याची थरथर.

सोळाव्या दिवशी फोन वाजू लागले. हिरवं. हिरवं. मल्लाप्पानं आपलं हातपत्र हरणीलासुद्धा दाखवलं. कुणीतरी पेढे आणले आणि पहिला पेढा थोरलीच्या तोंडाला चिकटवला. बाळाक्काचा फोन वाजला नव्हता. शर्वरी स्वतः आली होती आणि गर्दीपासून थोडी लांब उभी होती. बाळाक्का समजली. हरणीचा दोर खुंटीला अडकवून ती तिच्याकडं गेली.

"सांग," ती म्हणाली. "मागं-पुढं नको."

शर्वरीनं सांगितलं. दहा जणांचे हात धारेच्या आधी स्थिर असतात आणि नंतर थरथरतात. बाळाक्काचा उजवा हात उलटा आहे. स्वस्थ असतो तेव्हा थरथरतो, सेकंदाला पाच वेळा, इतकं बारीक की अजून नीट दिसतही नाही. कंपवाताची ही सुरुवात आहे. अगदी सुरुवात. गवळ्याचा हात यंत्राला कळला म्हणूनच ती वेगळी दिसली. नाहीतर अकरांच्या थरथरीत ही एक लपून गेली असती आणि दोन-तीन वर्षांनी कळली असती. औषधं आहेत, चांगली आहेत. इतक्या लवकर सुरू केली तर बरीच वर्षं हाती राहतात.

बाळाक्कानं आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला. चार महिन्यांपासून टीव्हीपुढं बसली की अंगठा बोटावर आपोआप फिरायचा, वात वळल्यासारखा. अमृता हसायची, आत्या, देवाला किती वाती वळताय? दोघींनाही ती सवयच वाटली होती.

"म्हंजे आधी तांबडं होतं ते खोटं, अन् आत्ताचं खरं."

"हो, आक्का."

"बरं झालं भांडले मग." ती मनापासून म्हणाली, आणि शर्वरीच्या पाठीवर थाप मारली, हरणीला मारायची तशी. पोरगीच जास्त घाबरली होती. औषध उद्यापासूनच घेईन, असंही तिनं सांगितलं. दुखणं म्हशीचं असो की माणसाचं, लपवलं की वाढतं.

मग शर्वरी अडखळत दुसरं बोलली. नियमाचं. तिला आता समितीला खरा अहवाल द्यायचा होता आणि अहवालात तांबडं तांबडंच लिहावं लागणार होतं. यंत्र हात स्वस्थ असतानाच तपासतं. कट्ट्यावर बसायचं की नाही ते त्यावरूनच ठरतं.

बाळाक्का नळावर गेली. हात धुतले, थोरलीच्या शिंगाला लावले, परत येऊन हरणीपाशी बसली आणि उजवा हात पुढं केला. शर्वरीजवळ त्याच पापुद्र्याची एक पट्टी असायची, ती बाळाक्कानं या पंधरा दिवसांत पाहिली होती. ती मनगटाला बांध, असं बाळाक्कानं डोळ्यांनीच सांगितलं.

पट्टी बांधली तेव्हा शर्वरीच्या फोनच्या पडद्यावर बारीक दातांची करवत उमटली होती. हरणीनं पान्हा सोडला. बाळाक्कानं अंगठा दुमडला. पहिली धार चरवीत वाजली, मग दुसरी, आणि त्या दोन नादांत करवतीचे दात झिजत झिजत गेले. पडद्यावर संथ लाटा राहिल्या, धारेच्या लयीत एकामागून एक, एकसारख्या. मल्लाप्पा जवळ येऊन उभा राहिला होता. चरवीत फेस वर चढत गेला. गिऱ्हाईक पेला घेऊन थांबलं होतं.

धार संपली. बाळाक्कानं चरवी बाजूला ठेवली आणि हात गुडघ्यावर टेकला. शर्वरी हाताकडं बघत होती. बाळाक्काही बघत होती, दुसऱ्या कुणाचा हात असावा तशी. थोडा वेळ काही झालं नाही. मग अंगठा बोटावर हळूच फिरला. एकदा. पुन्हा एकदा.

"धारेतला अन् हा, दोन्ही हात माझेच हायत," बाळाक्का म्हणाली. "आता सांग पोरी, यातला कुठला लिहिणार तू?"