मागच्या खोलीचा मीटर

घर घेताना विश्वास कोणावर ठेवावा, सांगा बरं? दलालावर, मालकावर, की पाण्याच्या मीटरवर?

नळवाले काका म्हणायचे, मीटरवर. जन्मभर नळ-पाइप विकून साठवलेलं सगळं ते एकाच व्यवहारात घालणार होते. म्हातारपणी काका-काकू दोघांनी भाड्यावर जगायचं, एवढाच बेत. एकीकडे टुमदार बंगला, भाडेकरू एकच. दुसरीकडे जुनी दुमजली इमारत, बिऱ्हाडं चार, मागची खोली रिकामी.

"बंगलाच घ्या," काकू म्हणाल्या. "एक भाडेकरू, एक कटकट."

"आणि तो गेला की? बंगल्याला कुलूप, आपल्या पोटाला चिमटा."

दुपार कलली होती. इमारतीच्या जिन्याखाली मीटर ओळीने बसवलेले. काकांनी सवयीने वाकून पाहिलं. रिकाम्या खोलीचा काटा फिरत होता... सावकाश, थांबत थांबत, कुणी नळ सोडावा, बंद करावा तसा.

"पाणी चोरतंय कोणीतरी," ते पुटपुटले. असल्या गळतीत आयुष्याची कमाई वाहून जायची.

मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून गंजकं कुलूप. आतून मात्र बादली भरल्याचा आवाज, आणि धुण्याच्या साबणाचा ओला वास.

"कोण आहे आत?"

नळ बंद झाला.

"पूर्वी इथे राहायच्या, त्या मावशी असतील," शेजारची शिंपीण दारातून हळूच म्हणाली. "धुणं चाललंय त्यांचं. त्रास काही नाही हो... उलट आमचा नळ चुकून उघडा राहिला, तर बंद करून जातात."

इमारत दाखवायला आलेल्या दलालाने घाम पुसत कुलूप काढलं. आत जाड धूळ, तीवर एकही पाऊल नाही. पाइप कधीचाच कापून बूच मारलेलं. काकांनी बोट लावून पाहिलं. कोरडं ठणठणीत.

त्यांनी बोटाची धूळ झटकली. मग हसले. "जिथे रिकामी खोलीसुद्धा रिकामी राहत नाही, तिथे भाडेकरू टिकणारच. इमारत पक्की."

आणि टिकले. आज तिथे जागेसाठी लोक ताटकळतात. काका-काकू सुखात आहेत. काकू मागच्या दाराशी साबणाची वडी ठेवतात, ती झिजते.

एकदाच काकांना मोह झाला. मावशींचं पाणी त्यांनी इतरांच्या बिलात वाटून टाकलं. त्याच संध्याकाळी त्यांच्या स्वतःच्या न्हाणीघरात, दाराला बाहेरून कडी असताना, कोणीतरी नळ सोडला. बादली भरू लागली... भरतच राहिली. काकांनी बिलं पुन्हा लिहिली, मावशींचं पाणी मावशींच्याच नावावर मांडून पैसे स्वतः भरले, तेव्हा कुठे आवाज थांबला. कडी काढली, तर काठोकाठ भरलेली ती बादली त्यांच्या घरातली नव्हती.

ती अजून तिथेच आहे. न्यायला कोणी आलेलं नाही.

तर बाबांनो, बंगला घ्या नाहीतर इमारत, पण हिशेब तेवढा चोख ठेवा. ज्याचं पाणी त्याच्याच नावावर... मग तो दिसो, न दिसो.