उगाच चालू

बिलावर तीनशे बारा युनिटचा आकडा आला त्या संध्याकाळी घरात कोणी भांडलं नाही, आणि तेच वाईट होतं. बाबांनी कागद दोनदा उलटापालटा केला, घडी घातली, आणि मागच्या खोलीकडे न बघता म्हणाले की थोरल्या काकांशी एकदा बोलून बघावं लागेल.

मागच्या खोलीत आत्या राहायची. बाबांची मोठी बहीण. बाबा ज्या छापखान्यात मशीन चालवत, तिथेच तिने तीस वर्षं मुद्रितं तपासली. मग हात थरथरायला लागले, पेन्सील धरवेना, आणि नोकरी गेली. तेव्हापासून खिडकीशी खुर्ची आणि डोक्यावर पंखा, असा तिचा दिवस. तिला घाम फार. सकाळी लागलेला पंखा झोपायच्या वेळीच काय तो थांबे. आता वाढलेल्या बिलाचं खापर त्या पंख्यावर फुटणार, म्हणजे आत्यावर, आणि आत्याची रवानगी काकांकडे होणार. काकांचं घर असं की तिथे पाहुणासुद्धा घड्याळ बघून हसतो.

घरातली नववीतली पोर घास हातात धरून हे सगळं ऐकत होती. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत वर्गात हजेरीलाही तिचा आवाज फुटत नसे. मग विज्ञानाच्या बाईंनी तिला फळ्यापाशी उभं करून विजेचं गणित सोडवायला लावलं, ते सुटलं, आणि तेव्हापासून पोरीला कंठ फुटला होता.

"एक महिना द्या मला," ती म्हणाली. "दोनशेच्या आत आणते. आणलं तर आत्या इथेच राहणार."

बाबांना त्या दिवसातलं पहिलं हसू आलं. "बघा, घरात वीजमंत्री आल्या."

"मंत्री तर मंत्री. शब्द द्या."

बाबांनी शब्द दिला. चिडवायला ठेवलेलं नाव तिने पदकासारखं छातीवर लावलं.

रविवारी तिने सगळं घर बंद केलं आणि दाराबाहेरच्या मीटरसमोर स्टूल टाकून बसली. मीटरवर एक बारका लाल दिवा असतो; वीज जितकी जास्त खर्च होईल तितका तो भराभर लुकलुकतो. आई आतून एकेक वस्तू चालू करी आणि ही बाबांचं घड्याळ हातात धरून लुकलुक मोजी. गिझर लावला तर दिव्याला फेफरं आलं. इस्त्रीचं तेच. फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी अडकवून ओढली, तर ती सुळकन निघाली, म्हणजे दाराचं रबर ढिलं आणि गारवा चोवीस तास बाहेर. आणि आत्याचा पंखा? त्याला दिवा आरामात, विचार करून लुकलुकत होता. दिवसभर फिरूनही महिन्याचे जेमतेम सत्तावीस युनिट. जेवताना तिने न्यायाधीशासारखा निकाल वाचला: गिझर चोर, इस्त्री साथीदार, पंखा निर्दोष. आत्या इतकी हसली की तिच्या पेल्यातलं पाणी ताटात सांडलं.

मग तिने तक्ता केला. छापखान्यातून चुकीच्या छपाईचा एक मोठा कागद आला, त्याच्या कोऱ्या पाठीवर पट्टीने ओळी आखल्या, एकेका ओळीत विजेवर चालणारी एकेक वस्तू लिहिली, आणि वर ठळक अक्षरांत नियम: उगाच चालू असेल ते बंद. कोणी विसरलेलं बटण बंद केलं की त्याने त्या ओळीत आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. बाबा काळा, आई लाल, ती स्वतः हिरवी, आत्या निळी. आत्याच्या थरथरीमुळे तिच्या ठिपक्याला शेपूट फुटे. बाबा त्याला बेडकाचं पिल्लू म्हणत. कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटला आणि घरात स्पर्धा लागली.

दुसऱ्या आठवड्यात पेन्सिलीचे ठिपके दिसायला लागले.

मोहरीएवढे, गोल, एकही रेषेबाहेर नाही. पुढच्या खोलीतला दिवा, मोबाईलचा चार्जर, टीव्हीचं मागचं बटण. सगळे दुपारचे, म्हणजे आई औषधाच्या दुकानात कामाला, बाबा छापखान्यात आणि ती शाळेत असतानाचे. आईने हात वर केले. बाबा म्हणाले, पेन्सील हल्ली धरतंय कोण. राहता राहिली आत्या, आणि आत्याला तर भाताचा चमचाही दोन्ही हातांनी धरावा लागे.

"मला वाटलं तूच लवकर येतेस," आत्या म्हणाली. "बटणाचा टक आवाज येतो. मग चार पावलं. मग कागदावर काहीतरी टेकल्यासारखं."

"कोण आहे विचारलं नाहीस?"

"हाक मारली की थांबतं." आत्याने पदराने मान पुसली. "मग जातं."

दाराला ओढलं की लागणारं कुलूप होतं, किल्ल्या घरच्यांकडेच; खिडक्यांना गज होते. ते तिने तपासलं, कारण ती तपासणारी मुलगी होती. पण खरं सांगायचं तर तिला भीती वाटण्याआधी राग आला. शनिवारी मोजदाद केली तर हिरवे ठिपके एकोणतीस आणि पेन्सिलीचे एकतीस. तिच्याच राज्यात तिला कोणी मागे टाकत होतं. पुढचा आठवडाभर ती उठल्यापासून घरभर बटणांवर पहारा देत फिरली आणि बाबांकडून दोनदा ओरडा खाल्ला, कारण ते आंघोळीला आत असताना तिने बाहेरून दिवा घालवला होता.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी शाळा लवकर सुटली. दार उघडलं तर घर गप्प होतं. मागच्या खोलीत आत्या खुर्चीत घामाने निथळत बसली होती, केस कपाळाला चिकटलेले, आणि डोक्यावरचा पंखा बंद. बटण भिंतीवर पार दाराशी. उकाड्याने गळून गेल्यावर तिथवर जाण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"बंद केला," आत्या हळू म्हणाली. "मी इथे बसलेली, तरी."

पंखा लावून, आत्याला पाणी देऊन ती तक्त्यापाशी आली. मागच्या खोलीचा पंखा. ओळीत मोहरीएवढा ठिपका.

तिने हिरव्या पेनाने पहिल्या नियमाखाली दुसरा लिहिला, कागद फाटेल इतकं दाबून: खोलीत माणूस असेल तर बंद करायचं नाही.

सोमवारी शाळेतून आल्यावर त्याखाली पेन्सिलीने सरळ, सुबक अक्षरांत उत्तर होतं.

कोणी नव्हतं.

तिने ते खोडून टाकलं आणि कोणाला दाखवलं नाही. बाबांना वाटलं असतं आत्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, आणि त्यांनी त्याच संध्याकाळी काकांना फोन लावला असता. मुदत संपायला नऊ दिवस होते. ती रोज मधल्या सुट्टीत धापा टाकत घरी येऊन पंखा बघून जायची. पंखा फिरत असायचा. ठिपके थांबले होते. आपण दटावलं म्हणून थांबले, असं तिला वाटलं, आणि त्याचाही तिला थोडा अभिमान वाटला.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बिल आलं. एकशे सत्याऐंशी.

बाबांनी तो आकडा मोठ्याने वाचला, मग परत वाचला, मग शेजारच्या दरवाजात जाऊन वाचला. आईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. बाबांनी सगळ्यांसमोर काकांना फोन केला आणि सांगितलं की ताई कुठेही जाणार नाही, आमच्या वीजमंत्र्यांचा तसा हुकूम आहे. तिला वाटलं, आपली उंची आत्ता मोजली तर पट्टी कमी पडेल.

एवढ्यात आत्या आतून चहा घेऊन आली. स्वतः, एका हातात कपबशी. कप काठोकाठ भरलेला. बशीत थेंब नाही.

"ताई," बाबा म्हणाले, "अगं, तुझे हात."

सगळ्यांनी बघितलं. हात फोटोतल्यासारखे स्थिर होते.

"दोन दिवस झाले," आत्या म्हणाली. "थांबले आपोआप. आणि उकडतही नाही बघ आता. पंखा मी नुसता हिच्या समाधानासाठी चालू ठेवते."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा हसत म्हणाले, मग पुढच्या महिन्यात दीडशे.

ती तक्ता काढायला गेली. तिला तो वर्गात न्यायचा होता, बाईंना दाखवायला.

शेवटच्या ओळीखाली तीन नव्या ओळी होत्या. पेन्सिलीने, पट्टी लावून आखलेल्या.

मागची खोली. हातांची थरथर. ठिपका.

मागची खोली. घाम. ठिपका.

मागची खोली.

तिसरीत पुढे काही लिहिलेलं नव्हतं. ठिपकाही नव्हता. जागा सोडलेली होती.

तिने खोडरबर घेतलं. ओळी सहज पुसल्या गेल्या. ती धावत मागच्या खोलीत आली. आत्या खुर्चीत परत येऊन बसली होती. भर दुपारचं ऊन तिच्या अंगावर होतं आणि कपाळ कोरडं होतं. तिने आत्याचा हात धरला. तो थरथरला नाही. घट्ट दाबला, तरी नाही.

आत्या तिच्याकडे प्रेमाने बघत होती.

"बंद कर गं तो पंखा," ती म्हणाली. "उगाच चालू आहे."

महिनाभरात पहिल्यांदाच वीजमंत्र्यांनी उगाच चालू म्हटलेलं काहीतरी चालू ठेवलं. कपाटातून चिकटपट्टी आणून तिने ते बटण दोन्ही टोकांनी खाली चिकटवून टाकलं, आणि वर हिरव्या अक्षरांत लिहिलं: माणूस आहे.

पंखा अजून फिरतो. त्याचे सत्तावीस युनिट ती इस्त्रीतून आणि गिझरमधून काढते, आणि बिल दोनशेच्या वर गेलेलं नाही. शाळेतून आली की दप्तर न ठेवता ती आधी ते बटण बघते. पहिल्या आठवड्यात चिकटपट्टीचं उजवं टोक सुटलेलं असायचं, नखाने सोडवल्यासारखं, नीट. ती ते परत दाबून बसवायची.

काल डावंही सुटलेलं होतं.